सहश्रमाची विद्या : चांद्याच्या रानांतील दोन प्रयोग

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयांतील अध्यापकवर्गांत ऐक्यभावना वाढावी या हेतूनें चालकांनीं आम्हां चाळीसएक मंडळींस ताडोब्याच्या रानालगतच्या एका विश्रामस्थानीं दोन दिवस नेलें होतें. तेथें एक तरुण व उत्साही प्रशिक्षक होते. त्यांनीं आम्हांस वर्तुळांत उभें केलें, डोळ्यांवर रुमाल बांधून एकमेकांच्या आधारानें चालविलें, जुन्या वर्तमानपत्रांचे मनोरे रचावयास लाविलें, आणि शेवटीं प्रत्येकानें डोळे मिटून मागें पडावें व सहकाऱ्यांनीं त्यास झेलावें असा एक खेळ घेतला. आमचे संस्कृतचे वडीलधारे स्नेही गणिताच्या प्राध्यापकांच्या बाहूंत निर्धास्तपणें पडले, तेव्हां टाळ्यांचा कडकडाट झाला. मला स्वतःला तो प्रकार वाईट वाटला नाहीं. कित्येक वर्षें परस्परांशीं धड न बोललेलीं माणसें त्या संध्याकाळीं चहा घेतांना मोकळेपणानें हसत होतीं. परंतु सोमवारीं नव्या सत्राचें वेळापत्रक फळ्यावर लागलें. तें नेहमींप्रमाणेंच कोणास न विचारतां केलेलें होतें. मंगळवारच्या दुपारीं तेच संस्कृतचे स्नेही व तेच गणिताचे प्राध्यापक एका वर्गखोलीवरून तावातावानें भांडत होते.

हें पाहिल्यापासून माझ्या मनांत एक विचार घोळत आहे. ज्या कुंपणाच्या आंत आम्ही हे खेळ खेळलों, त्याच्या बाहेर चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचें विस्तीर्ण अरण्य पसरलेलें आहे. १९८२ च्या ऑगस्टांत गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकच जिल्हा होता, आणि जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें नांव अजून चांदा असेंच येतें. एकत्र काम करणाऱ्या माणसांत विश्वास कसा उत्पन्न होतो, तीं स्वतःच्या अनुभवापासून व परस्परांपासून कशीं शिकतात, या प्रश्नाचा जो शोध या रानांत गेल्या पाऊणशें वर्षांत घेतला गेला, त्याच्या तोडीचा शोध महाराष्ट्रांत इतरत्र क्वचितच घेतला गेला असेल. शोध घेणाऱ्यांनीं त्यास कांहीं भारदस्त शास्त्रीय नांव दिलें नाहीं, म्हणून व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत त्याचा पत्ता लागत नाहीं, इतकेंच.

आमच्या त्या खेळांचें कुळ शोधूं गेल्यास तें अमेरिकेंत सांपडतें. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यांत १९२७ सालीं पांच कामकरी मुलींना एका निराळ्या खोलींत बसवून त्यांच्याकडून दूरध्वनीचे सुटे भाग जुळवून घेण्यास आरंभ झाला. विश्रांतीच्या वेळा व कामाचे तास अदलून बदलून पाहिले, तरी उत्पादन बहुतेक वाढतच गेलें. हार्वर्डचे एल्टन मेयो यांनीं त्यावरून असा सिद्धांत मांडला कीं, मजूर केवळ मजुरीसाठीं राबत नाहीं. आपल्याकडे कोणाचें लक्ष आहे, आपण एका मंडळींतले आहोंत, ही भावना त्याच्या हातांस बळ देते. हा सिद्धांत जगभर गेला. मात्र त्याच पांच मुलींपैकीं दोघी फार बोलतात व सहकार्य करीत नाहींत म्हणून त्यांना मध्येंच काढून टाकून त्यांच्या जागीं दुसऱ्या दोघी बसविल्या होत्या, ही गोष्ट त्यामानानें फारच थोड्यांस ठाऊक असते. ऐक्याचा पुरावा गोळा करतांना भांडणाऱ्यांस अगोदर बाहेर घालविण्याची ही युक्ति कारखान्यांपुरतीच राहिली आहे, असें मला वाटत नाहीं.

त्याहून खोल शोध लागला तो १९४६ च्या उन्हाळ्यांत, आणि तोहि जवळजवळ अपघातानें. हिटलरच्या राज्यांतून निसटून अमेरिकेस आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन हे कनेक्टिकट संस्थानांतील न्यू ब्रिटन गांवीं एक शिबिर चालवीत होते. वर्णावर्णांतील व धर्माधर्मांतील वैर कमी कसें करावें हा त्याचा विषय होता. दिवसभर शिबिरार्थी चर्चा करीत, आणि रात्रीं निरीक्षक मंडळी आपल्या टिपणांवरून कोण कसें वागलें याचा विचार करीत बसत. एके रात्रीं कांहीं शिबिरार्थींनीं त्या बैठकींत बसूं देण्याची विनंती केली. टिपणें वाचलीं जात असतां, आपल्याविषयीं लिहिलेलें मान्य नसलेल्या एका बाईंनीं मध्येंच हरकत घेतली व झाला प्रसंग स्वतःच्या बाजूनें सांगितला. निरीक्षक गोंधळले; लेविन मात्र हरखले. दुसऱ्या रात्रीं बैठकीला सगळेच हजर. ज्यांच्याविषयीं बोलावयाचें तेच बोलावयास बसले, तर माणूस जितकें शिकतो तितकें व्याख्यानांनीं शिकत नाहीं, हें त्या रात्रीं दिसून आलें. पुढच्या फेब्रुवारींत लेविन वारले. परंतु १९४७ च्या उन्हाळ्यांत मेन संस्थानांतील बेथेल येथें त्यांच्या सहकाऱ्यांनीं या पद्धतीची पहिली शाळा भरविली. आमच्या प्रशिक्षकांची विद्या दूरच्या नात्यानें तेथूनच आलेली आहे.

लेविन यांच्याच शिष्यांनीं व्हर्जिनियांतील मॅरियन गांवच्या एका पायजम्यांच्या कारखान्यांत आणखी एक प्रयोग केला, तो १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलावयाची होती. एका गटास नुसता हुकूम ऐकविला. दुसऱ्या कांहीं गटांशीं बसून, बदल कां व कसा करावयाचा हें त्यांच्याकडूनच ठरवून घेतलें. हुकूम ऐकलेल्या गटांतील शेंकडा १७ लोक चाळीस दिवसांच्या आंत काम सोडून गेले. सगळ्यांनीं मिळून ठरविणाऱ्या गटांतून कोणी गेलें नाहीं, आणि त्यांचें उत्पादन पूर्वीपेक्षां शेंकडा १४ नें वाढलें. आपल्या देशांतहि याचा दाखला आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्यें १९५३ सालीं ए. के. राइस या इंग्रज अभ्यासकानें २२४ स्वयंचलित मागांच्या एका खात्यांत, प्रत्येकानें आपापलें तुटक काम करण्याऐवजीं लहान लहान गटांनीं मागांचा एकेक ताफा सर्वस्वीं संभाळावा, अशी सूचना मांडली. गट कोणीं कोणाबरोबर करावे हें मागवाल्यांनीं कांहीं तासांत आपसांतच ठरवून टाकलें. मुकादमाची गरजहि पडली नाहीं.

या इतिहासांत दोन धागे आहेत. एक एकत्र अनुभव घेण्याचा, दुसरा एकत्र ठरविण्याचा. पहिला धागा सुटा करून तो रमणीय स्थळीं दोन दिवसांत विणतां येतो, म्हणून त्याचा व्यापार झाला. दुसरा धागा चालकांच्या हातांतून कांहीं तरी काढून घेतो. असो, आतां चांद्याकडे वळूं.

वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली, आणि १९५१ च्या जूनमध्यें पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें, सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर गांवाबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार मांडला. हें सर्वश्रुत आहे. माझें लक्ष वेधतें तें पहिल्या विहिरीकडे. पाण्यावांचून राहणें शक्य नव्हतें, आणि मजूर लावण्यास पैसा नव्हता. शिवाय महारोग्यांच्या वसाहतींत मजूर येता कोण? तेव्हां त्या सहा जणांनीं व बाबांनीं मिळूनच खडक फोडला. महारोगानें बधिर झालेल्या हातास कुदळीचा फोड समजत नाहीं. तो शेजाऱ्यानेंच पाहून सांगावा लागतो. ज्याचीं बोटें झडलीं त्याचे पाय शाबूत, ज्याचे पाय गेले त्याचे हात शाबूत. आम्ही विश्रामस्थानीं डोळ्यांवर रुमाल बांधून जें परस्परावलंबन खेळलों, तें तेथें खेळ नव्हतें. आणि पाणी लागलें तें कोणा दात्याचें नव्हे, त्यांचें स्वतःचें होतें. दयेनें माणूस खचतो व श्रमानें उभा राहतो, हें बाबांचें पुढें प्रसिद्ध झालेलें सूत्र या विहिरीच्या तळाशीं सांपडलेलें आहे.

पुढें आनंदवनांत भाजीपाला भरपूर पिकूं लागला, परंतु वरोऱ्याच्या बाजारांत महारोग्यांच्या हातची भाजी घेण्यास गिऱ्हाईक धजेना. १९५४ सालीं सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तेथें येऊन राहिले. त्यांनीं रुग्णांच्या खांद्यास खांदा लावून इमारती बांधल्या, तीच भाजी खाल्ली व तेंच दूध प्यालें. तें पाहून गांवाची भीति हळूहळू ओसरली. व्याख्यानांनीं ही भीति गेली असती कीं काय, याची मला, एक व्याख्याता या नात्यानें, शंकाच आहे.

१९६७ सालीं मूल तालुक्यांतील सोमनाथ येथें आमटे यांनीं दुसरी वसाहत उभारली, आणि तेथें श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. मे महिन्याच्या ऐन मध्यावर, चांद्याचा उन्हाळा जेव्हां माणसास सांवलींतहि बसूं देत नाहीं तेव्हां, महाराष्ट्रांतील शेंकडों तरुण तेथें जमावयाचे. सकाळीं कुदळ-फावडें, दुपारीं चर्चा, रात्रीं गाणीं. या छावणीनें पिढ्याच्या पिढ्या हलविल्या हें खरें. तींतून गेलेल्या कित्येकांनीं पुढें आयुष्यभर पुरतील अशीं कामें हातीं घेतलीं. तथापि ती आठ दिवसांची. तरुण आपापल्या घरीं परत जातात. त्यांनीं घातलेला बांध सोमनाथासच राहतो. घरीं, कचेरींत, कारखान्यांत ठरविणारे दुसरेच असतात. छावणीच्या थोरवीस यानें उणेपणा येत नाहीं, पण तिची मर्यादा यानें कळते.

ज्या ठिकाणीं कोणी परत जावयाचें नसतें अशा ठिकाणीं काय होतें, हें पाहावयाचें तर धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवीं जावें लागतें. हें गोंडांचें गांव. वस्ती पांचशेंच्या आंतबाहेर, भोंवतीं सुमारे १८०० हेक्टर जंगल. जमीनदारी गेल्यावर हें जंगल सरकारजमा झालें, आणि गांवकऱ्यांना पिढीजात असलेला निस्तार, म्हणजे घरासाठीं लांकूड, चुलीसाठीं जळण, कुंपणासाठीं बांबू, हा चोरींत जमा होऊं लागला. बांबूवर कागदकारखान्याचा ठेका. कोणत्या कुपांत तोड करावयाची, कधीं, किती व कोणत्या मजुरीनें, हें सारें ठरविणारे दूर. कुऱ्हाड मात्र गांवकऱ्याच्या हातीं. अशा मजुरांत उमेद कां नाहीं, ते काम मन लावून कां करीत नाहींत, असा प्रश्न साहेबलोक करीत. रोवणीच्या दिवसांत याच माणसांना चिखलांत दिवसभर ओळीनें वाकून राबतांना पाहिलें असतें, तर तो प्रश्न त्यांनीं केला नसता.

१९८४-८५ च्या सुमारास इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हें आंदोलन झालें. लाल श्याम शाह व बाबा आमटे हे त्याचे पुढारी होते. धरणें मागें पडलीं, आणि त्या आंदोलनांत गेलेली मेंढ्याचीं माणसें एक नवा प्रश्न घेऊन घरीं आलीं : धरण थांबवितां येतें, तर मग गांवाचा कारभार कां हातीं घेतां येऊं नये? याच दशकाच्या उत्तरार्धांत जयप्रकाशांच्या आंदोलनांतून आलेले, चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तेथें येऊं लागले. लोक स्वतः निर्णय कसा करतात याचा त्यांना अभ्यास करावयाचा होता. ते पुढारीपण करावयास आले नाहींत हें मला त्यांच्या कामाचें मर्म वाटतें. गांवाचें पुढारीपण देवाजी तोफा यांच्यासारख्या गांवच्याच माणसांकडे राहिलें.

प्रथम गोटुलाचा प्रसंग आला. गोटुल म्हणजे गोंडांचें सामायिक घर. मेंढ्याचें मोडून गेलें होतें, तें पुन्हां बांधावें असें ठरलें. जंगलांतून लांकूड आणून गांवानें तें उभें केलें, आणि वनखात्यानें तें बेकायदा म्हणून पाडलें. गांव खचलें नाहीं. शेजारच्या गांवांनींहि साथ दिली व आपापल्या गांवीं गोटुल उभारण्याचा निश्चय केला. अखेर खात्यास माघार घ्यावी लागली. एकत्र बसण्यासाठीं घर हवें, आणि तें घर मिळविण्यासाठीं अगोदर एकत्र बसावें लागलें, असा हा मोठा मौजेचा योग आहे.

पुढें मेंढ्यांत जी व्यवस्था हळूहळू घडली तिचीं दोन अंगें. एक ग्रामसभा, व दुसरें अभ्यासगट. ग्रामसभेंत सर्व प्रौढ स्त्रीपुरुष बसतात, आणि मतें मोजलीं जात नाहींत, निर्णय सर्वसहमतीनें. एकानें जरी हरकत घेतली तरी विषय पुढील बैठकीवर जातो. या सर्वसहमतीचा विचार विनोबांच्या ग्रामदानांतून आलेला. परंतु येथें तो रोजच्या व्यवहारांत उतरला. अभ्यासगट हा त्याहून निराळा. ज्यास एखाद्या विषयाची जिज्ञासा आहे त्यानें यावें, बाहेरचा जाणकार बोलवावा, प्रश्न विचारावे, आपला अनुभव सांगावा; तेथें निर्णय मात्र करावयाचा नाहीं. वरवर पाहतां ही वांटणी क्षुल्लक वाटते, पण सगळें मर्म तिच्यांत आहे. जेथें ठरावावर हात वर करावयाचा असतो तेथें माणूस आपली बाजू लढवितो. आपलें अज्ञान तो कबूल करीत नाहीं. निर्णयाचें ओझें उतरविलें कीं “मला हें ठाऊक नाहीं” असें म्हणणें सोपें जातें. आणि तेथें जें शिकलें तें निर्णयाच्या वेळीं वायां जात नाहीं, कारण शिकणारीं व ठरविणारीं माणसें तींच. आमच्या दोन दिवसांच्या वर्तुळास पहिली सोय होती, दुसरी नव्हती.

एक उदाहरण पुरे. मध काढण्याची जुनी रीत म्हणजे पोळ्याखालीं जाळ करावयाचा. त्यांत माशाहि जळत व अंड्यापिल्लांचें पोळेंहि नष्ट होई. अभ्यासगटांत हा विषय निघाला. कोणास झाडावर चढण्याची कला अवगत, कोणास माशांचा स्वभाव ठाऊक, पाहुण्याजवळ पुस्तकी ज्ञान. त्यांतून, माशा न मारतां पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून घ्यावयाचा व बाकीचें पोळें तसेंच राखावयाचें, ही रीत गांवानें आपलीशी केली. हुकुमानें ही गोष्ट झाली नसती. रात्रीं झाडावर चढलेल्या माणसावर देखरेख करावयास कोणता साहेब जाणार?

हाच गट पुढें कायद्याकडे वळला. २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. कायद्याचीं कलमें गांवानें गटांत बसून समजून घेतलीं, सीमा व वापर यांचे पुरावे जमविले, आणि २००९ सालीं मेंढ्यास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांपैकीं तें एक होय. मिलिंद बोकील यांनीं ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकांत ही हकीकत विस्तारानें सांगितली आहे. जिज्ञासूंनीं ती अवश्य वाचावी.

या सर्वांवर आक्षेप घेतां येण्यासारखे नाहींत असें नव्हे. मेंढा लहान आहे, एका जमातीचें आहे, बहुतेक माणसें एकमेकांचीं सोयरींधायरीं आहेत. जेथें जातीजातींचे व जमिनीचे तंटे मुरलेले आहेत अशा गांवांत, अथवा दोन हजार कामगारांच्या कारखान्यांत, एका हरकतीवर काम थांबविणें कसें परवडेल? सर्वसहमतींत जो गप्प बसतो तो पटलें म्हणून गप्प बसतो कीं भीड पडते म्हणून, हेंहि बाहेरच्यास सहजीं कळत नाहीं. आणि वेळ फार लागतो. हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत हलका वाटतो. मॅरियनच्या कारखान्यांत हुकूम देण्यास अगदीं थोडा वेळ लागला, आणि त्याची किंमत पुढचे चाळीस दिवस भरावी लागली. आमचें वेळापत्रकहि एका दुपारींत तयार होतें. पहिला आक्षेप मात्र खरा जड आहे. शेजारच्या गांवांनीं मेंढ्याचें अनुकरण केलें तेथेंहि तें सर्वत्र सारखें रुजलें नाहीं. मला इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, खेळ शिकविण्यापूर्वीं चालकांनीं आपल्या हातांतील कोणता निर्णय आपण सोडावयास तयार आहोंत हें सांगावें. तसें कांहींच नसेल तर खेळ खुशाल घ्यावे, पण त्यांस करमणूक म्हणावें.

मेंढ्याचा निर्णायक प्रसंग हक्क मिळाल्यानंतर आला. ग्रामसभेनें आपला बांबू विकावयास काढला, तेव्हां वाहतुकीचा परवाना देण्यास वनखातें तयार होईना. १९२७ च्या कायद्याप्रमाणें तेव्हां बांबू हें झाड होतें, आणि झाड सरकारचें. २००६ च्या कायद्याप्रमाणें बांबू हें गौण वनोपज, आणि तें गांवाचें. एका वनस्पतीच्या जातीवरून हा वाद दिल्लीपर्यंत गेला. २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यास आले व परवान्यांचें पुस्तक त्यांनीं ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. त्यानंतर तोड कोणत्या भागांत करावयाची, मजुरी काय द्यावयाची, बोली कोणाची स्वीकारावयाची, हें गोटुलांत बसून ठरूं लागलें, आणि हिशेब सभेपुढें वाचला जाऊं लागला. दोन वर्षांनीं याच गांवानें आपली खाजगी शेतजमीनहि ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेच्या नांवें करण्याचा निर्णय घेतला.

तें परवान्यांचें पुस्तक दिसावयास अगदीं साधें. गाडी कोणती, माल किती, कोठून कोठें जाणार, एवढेच रकाने. पूर्वीं तें वनरक्षकाच्या पेटींत असे, आणि त्याच्या सहीसाठीं माणसें तासन् तास ओट्यावर बसून राहत. आतां सही गांवाची होती, आणि ती करण्यापूर्वीं गाडींतला बांबू मोजण्याचें काम ज्यांनीं तो तोडला त्यांच्याकडेच आलें होतें.